सूर्याचा वारा आणि होकायंत्राची सुई

विद्यार्थिमित्रहो, पावसाळ्यांत गोदावरीस पूर आला म्हणजे नांदेडच्या पुलावर माणसांची दाटी होते. पाणी किती चढलें हें पाहण्यास सगळेच येतात; पण पुलाच्या खांबापाशीं काय चाललें आहे इकडे फार थोड्यांचें लक्ष जातें. खांबाच्या पुढल्या अंगास पाणी थबकून फुगतें, दोन्ही बाजूंनीं फांकतें, आणि खांबाच्या मागें भोंवऱ्यांची एक लांब शेपटी दूरवर वाहत जाते. खांब जागचा हलत नाहीं. परंतु वाहत्या पाण्यांत तो आपल्याभोंवतीं एक ठराविक आकृति उमटवितो. आज ज्या विषयाची ओळख आम्ही करून देणार आहों तो कांहींसा असाच आहे. फरक इतकाच कीं, येथें प्रवाह पाण्याचा नसून सूर्यापासून निघणाऱ्या एका वाऱ्याचा आहे, आणि खांबांच्या जागीं आपली पृथ्वी व तिचे सोबती ग्रह आहेत.

सूर्याचा वारा म्हणजे काय?

ह्या वाऱ्यास सौरवारा असें म्हणतात. खग्रास ग्रहणाच्या वेळीं काळ्या पडलेल्या सूर्यबिंबाभोंवतीं जें मोत्यासारखें पांढरें तेज दिसतें तें सूर्याचें प्रभामंडळ होय. त्याचें तपमान दहा लाख अंशांहून अधिक असतें. एवढ्या उष्णतेंत अणु अखंड राहूं शकत नाहींत. त्यांतील ऋणविद्युत्-भारित इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि धनविद्युत्-भारित भाग मागें उरतो. हायड्रोजनच्या अणूचा असा उरलेला भाग म्हणजे प्रोटॉन. हा विद्युन्मय वायु सूर्याच्या ओढीस न जुमानतां चोहोंकडे वाहत सुटतो. पृथ्वीपाशीं त्याचा वेग दर सेकंदास सुमारें ४०० किलोमीटर असतो. कधीं तो ३०० वर उतरतो, तर कधीं ८०० पर्यंत चढतो. सूर्य आपल्यापासून १५ कोटि किलोमीटर दूर आहे. तेव्हां ह्या वाऱ्यास येथवर यावयास किती काळ लागेल, हा भागाकार विद्यार्थ्यांनीं स्वतःच करून पाहावा. उत्तर चार दिवसांहून थोडें अधिक येईल.

ह्याला वारा म्हटलें, तरी तो आपल्या अंगास लागणाऱ्या वाऱ्यासारखा दाट नव्हे. पृथ्वीपाशीं एका घनसेंटिमीटरांत त्याचे अवघे पांच-दहा कण असतात. तेवढ्याच जागेंतील आपल्या हवेच्या रेणूंची संख्या लिहावयाची झाल्यास वीस आंकडे मांडावे लागतात. इतका विरळ वारा ग्रहांचें काय करणार, अशी शंका येणें साहजिक आहे. तिचें उत्तर पुढें येईल.

हा वारा असावा असा तर्क प्रथम धूमकेतूंवरून निघाला. धूमकेतु कोठेंहि असो, त्याची शेपटी सूर्याच्या विरुद्ध दिशेस वळलेली असते. १९५१ सालीं लुडविग बीरमान ह्या जर्मन पंडितानें असें अनुमान काढलें कीं, सूर्यापासून कणांचा झोत अखंड वाहत असला पाहिजे. १९५८ सालीं शिकागो येथील यूजीन पार्कर ह्या तरुण शास्त्रज्ञानें गणितानें ह्या वाऱ्याची उपपत्ति मांडली. ज्या दोघां तज्ज्ञांकडे त्याचा निबंध तपासावयास गेला त्यांनीं तो छापण्याजोगा नाहीं असा अभिप्राय दिला. परंतु त्या नियतकालिकाचे संपादक आपले सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर होते. ही कल्पना त्यांनाहि पटलेली नव्हती. पण गणितांत चूक सांपडत नाहीं हें पाहून त्यांनीं निबंध छापला. पुढें चारच वर्षांनीं, १९६२ सालीं, शुक्राकडे निघालेल्या ‘मरिनर २’ ह्या यानानें वाटेंत हा वारा प्रत्यक्ष मोजला. आपणांस न पटणाऱ्या मतासहि न्यायानें वागविलें पाहिजे, हा धडा चंद्रशेखरांच्या ह्या वर्तनांत आहे.

वाऱ्याबरोबर येणारें चुंबकत्व

विद्युन्मय वायु आपल्याबरोबर सूर्याचें चुंबकीय क्षेत्रहि ओढून आणतो. सूर्य स्वतःभोंवतीं फिरत असल्यामुळें ह्या क्षेत्राच्या रेषा सरळ न राहतां वळत जातात. अंगणांत उभें राहून हातांतील नळी गोल फिरवीत पाणी उडविलें, तर प्रत्येक थेंब सरळच जातो. पण सगळ्या धारेची आकृति चकलीसारखी दिसते. सूर्याच्या चुंबकरेषांची चकली अशीच साऱ्या ग्रहमालेंतून पसरलेली आहे.

चुंबकीय क्षेत्र मोजण्याचें एक लहान माप नॅनोटेस्ला हें आहे. आपल्याकडे होकायंत्राची सुई ज्या आडव्या बळानें उत्तरेकडे खेंचली जाते तें चाळीस हजार नॅनोटेस्लांच्या आंतबाहेर आहे. सौरवाऱ्यांतील क्षेत्र पृथ्वीपाशीं अवघें पांचाच्या घरांत असतें. पण येथें बळापेक्षां दिशेला महत्त्व आहे. पृथ्वीच्या सूर्याकडील अंगास तिच्या चुंबकरेषा उत्तराभिमुख असतात. वाऱ्यांतील रेषाहि उत्तराभिमुख असल्या, तर वारा बव्हंशीं बाजूनें निघून जातो. त्या दक्षिणाभिमुख असल्या, तर मात्र परस्परविरुद्ध रेषा एकमेकींस भिडून तुटतात आणि नव्या रीतीनें जुळतात. मग वाऱ्याची शक्ति आंत शिरावयास जणूं दार उघडतें. मघांच्या शंकेचें उत्तर हेंच: वारा विरळ असला तरी त्याचा वेग मोठा आणि त्याचा विस्तार अफाट, दार उघडें सांपडलें कीं तो पुष्कळ कांहीं करूं शकतो.

पृथ्वीच्या ह्या चुंबकीय राज्याची सीमा सूर्याच्या बाजूस साधारण ६४,००० किलोमीटरांवर असते. त्याहि पलीकडे, सुमारें ९०,००० किलोमीटरांवर, वारा एकाएकीं मंदावतो व तापतो. पुलाच्या खांबापुढें पाणी फुगतें त्यासारखीच ही जागा. रात्रीच्या बाजूस लांब शेपटी असते आणि ती चंद्राच्या कक्षेपलीकडे जाते. दर महिन्यास पौर्णिमेच्या सुमारास चंद्र ह्या शेपटींतून पार होत असतो. परंतु खांबाचा दृष्टांत येथवरच. खांब दगडाचा असल्यामुळें पाण्याच्या जोरानें तो लहानमोठा होत नाहीं. पृथ्वीच्या राज्याची सीमा मात्र वाऱ्याचा जोर वाढला कीं आंत दबते आणि कमी झाला कीं पुन्हां फुगते.

कुलाब्याची सुई

आतां कोणी म्हणेल कीं, ह्या गोष्टी दूर आकाशांतल्या. त्यांचा आपल्या प्रांताशीं काय संबंध? संबंध आहे, आणि तो अभिमान बाळगावा असा आहे.

मुंबईस कुलाबा येथें १८२६ सालीं वेधशाळा स्थापन झाली आणि १८४१ पासून तेथें पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मोजमापें होऊं लागलीं. आपल्या महाराष्ट्राचे पुढें नामांकित झालेले गणिती केरो लक्ष्मण छत्रे ह्यांनीं ह्याच वेधशाळेंत नोकरीस आरंभ केला, तेव्हां ते पंधरा-सोळा वर्षांचे, म्हणजे आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांएवढेच होते. टांगलेल्या चुंबकाची हालचाल डोळ्यांनीं पाहावयाची आणि आंकडा वहींत उतरवावयाचा, असें तेथील काम होतें. दिवस असो वा रात्र, ठरलेल्या वेळीं नोंद झालीच पाहिजे. आणि सुई अस्वस्थ झाली तर ती अधिक वेळां व्हावयाची.

१ सप्टेंबर १८५९ रोजीं इंग्लंडांत रिचर्ड कॅरिंग्टन हा गृहस्थ सूर्यावरील डाग पाहत असतां त्यास डागांपाशीं अत्यंत प्रखर असा प्रकाश क्षणकाल चमकलेला दिसला. त्यानंतर सुमारें साडेसतरा तासांनीं पृथ्वीवर चुंबकीय वादळ सुरू झालें. नेहमीं चार दिवस घेणारा वारा ह्या खेपेस एका दिवसाच्या आंत येऊन थडकला! युरोप-अमेरिकेंतील तारायंत्रें बिघडली. उत्तरेकडील ध्रुवप्रकाश उष्ण कटिबंधापर्यंत दिसला. त्या दिवशीं, २ सप्टेंबरला, कुलाब्याच्या वेधशाळेंत आडवें बळ सुमारें १,६०० नॅनोटेस्लांनीं खालीं आल्याची नोंद झाली. हें एकंदर बळाच्या जवळजवळ पंचविसाव्या हिश्श्याएवढें होतें. बळ कमी कां व्हावें? वादळांत आंत शिरलेले कण पृथ्वीभोंवतीं कड्यासारखे फिरूं लागतात. त्यांच्या फिरण्यानें जो विजेचा प्रवाह उत्पन्न होतो त्याचें चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वास विरोध करतें; म्हणून सुईवरील ओढ ढिली पडते.

नकाशा उघडून पाहा. नांदेड व मुंबई जवळजवळ एकाच अक्षांशावर, आणि लातूर व अलिबाग हींहि तशींच. तेव्हां कुलाब्याच्या सुईनें जें अनुभवलें त्याच्या बरेंचसें जवळचें कांहीं त्या दिवशीं नांदेडच्या आकाशाखालींहि घडलें असलें पाहिजे. येथें तें पाहणारी सुई मात्र नव्हती. पुढें ४ फेब्रुवारी १८७२ रोजींच्या वादळांत तर खुद्द मुंबईहून ध्रुवप्रकाश दिसल्याची नोंद आहे.

मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें, तेव्हां त्यांच्या प्रवाहानें सुई बिघडेल हें ओळखून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभाई मूस ह्यांनीं हें काम अलिबागेस नेलें. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्हीं ठिकाणीं एकाच वेळीं मोजमापें घेऊन जुन्या व नव्या आंकड्यांचा सांधा जुळविण्यांत आला, आणि मगच कुलाब्याचें चुंबकीय काम थांबलें. अलिबागच्या इमारतीस कोंकणांतला काळा फत्तर न वापरतां काठेवाडांतून पोरबंदरी दगड आणिला. कां? कारण आपला काळा फत्तर स्वतःच चुंबकत्व बाळगून असतो.

काळ्या फत्तराची आठवण

ही गोष्ट लातूर-नांदेडच्या मुलांनीं ध्यानांत धरण्याजोगी आहे. औशाचा व उदगीरचा किल्ला ज्या भूमीवर उभा आहे, आणि आपली काळी कसदार जमीन ज्या खडकाची झीज होऊन बनली आहे, तो खडक म्हणजे सुमारें ६ कोटि ६० लाख वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून वाहिलेला तप्त रस होय. १९९३ सालच्या सप्टेंबरांतील दुःखद भूकंपानंतर किल्लारी येथें जें खोल छिद्र घेण्यांत आलें त्यांत ह्या खडकाचे थर ३३८ मीटरपर्यंत लागले आणि त्यांच्याखालीं ग्रॅनाइट निघाला. नांदेड जिल्ह्यांत देगलूर-बिलोलीकडे तोच जुना ग्रॅनाइट जमिनीवर उघडा दिसतो.

हा तप्त रस निवत असतां त्यांतील लोहयुक्त बारीक कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेस अनुसरून स्थिर झाले. म्हणजे प्रत्येक थर हें गोठलेलें होकायंत्रच! ह्या होकायंत्रांवरून दोन चमत्कारिक गोष्टी कळल्या. एक ही कीं, तेव्हां आपला देश विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता. दुसरी ही कीं, ह्यांपैकीं पुष्कळ थरांतील दिशा आजच्या उलट आहे. त्या काळीं आजच्यासारखें होकायंत्र असतें, तर त्याचें उत्तर टोंक दक्षिणेकडे वळलें असतें. पृथ्वीच्या गाभ्यांतील वितळलेल्या लोखंडाच्या हालचालीनें हें चुंबकत्व उत्पन्न होतें, आणि दीर्घ काळानें त्याची दिशा पालटत असते.

इतर ग्रहांची स्थिति

आतां इतर गोलांकडे वळूं. चंद्राला हवा नाहीं व सर्वत्र पसरलेलें चुंबकीय क्षेत्रहि नाहीं. सौरवारा थेट त्याच्या मातीवर आदळतो. २००८ सालीं गेलेल्या आपल्या चांद्रयान-१ वरील एका उपकरणानें असें दाखविलें कीं, आदळणाऱ्या प्रोटॉनांपैकीं पांचव्या हिश्श्यापर्यंत प्रोटॉन हायड्रोजनचे अणु होऊन परत उसळतात. बुधाचें क्षेत्र पृथ्वीच्या शंभराव्या हिश्श्याइतकेंच आहे. त्याची सीमा पृष्ठभागास जवळजवळ लागून असते आणि जोराच्या वादळांत वारा थेट जमिनीपर्यंत पोहोंचतो. गुरूची गोष्ट निराळी. त्याचें चुंबकीय राज्य डोळ्यांस दिसतें, तर आपल्या आकाशांत तें पूर्णचंद्राहून मोठें भासलें असतें. त्याची शेपटी शनीच्या कक्षेपर्यंत जाते.

शुक्राजवळ स्वतःचें क्षेत्र नाहीं, पण हवा अतिशय दाट आहे. तिच्या वरच्या थरांत सूर्यप्रकाशानें विद्युन्मय झालेले कण असतात. वाऱ्याबरोबर आलेल्या चुंबकरेषा त्यांच्यांत सहज शिरूं शकत नाहींत, आणि ओल्या कापडासारख्या ग्रहाभोंवतीं लपेटल्या जातात. म्हणजे शुक्र वाऱ्याच्याच चुंबकत्वाचा उसना आडोसा करतो.

मंगळाची कथा आपल्या काळ्या फत्तराशीं जुळते. आज मंगळाच्या गाभ्यांतून क्षेत्र निघत नाहीं. परंतु ‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’ ह्या यानास त्याच्या दक्षिणेकडील अतिप्राचीन खडकांत जोरदार चुंबकत्व सांपडलें. ते खडक निवाले तेव्हां मंगळासहि पृथ्वीसारखें क्षेत्र असलें पाहिजे. सुमारें चार अब्ज वर्षांपूर्वीं तें विझलें, आणि फत्तरांत त्याची आठवण तेवढी राहिली. २०१४ सालीं तेथें पोहोंचलेल्या ‘मेव्हन’ यानानें मोजलें कीं, सौरवारा मंगळाची हवा दर सेकंदास सुमारें १०० ग्रॅम ह्या प्रमाणांत उडवून नेतो. हें थोडें वाटतें. पण लातूरच्या मोंढ्याच्या हिशेबानें बोलावयाचें, तर ही रोजची ८६ क्विंटलांवर घट झाली. आणि ती कोट्यवधि वर्षें चालू आहे. सूर्यावर वादळ झालें कीं ती आणखी वाढते. आज मंगळावरील हवेचा दाब आपल्याकडील दाबाच्या शंभराव्या हिश्श्याहूनहि कमी आहे.

येथें एक सावधगिरीची सूचना देणें आम्हांस अवश्य वाटतें. ‘पृथ्वीस चुंबकीय कवच आहे म्हणून हवा टिकली, मंगळास नाहीं म्हणून गेली,’ असें वाक्य पाठ करून परीक्षेंत लिहावयास सोपें आहे. पण शुक्रासहि कवच नाहीं, आणि त्याच्या पृष्ठभागावर हवेचा दाब आपल्या सुमारें नव्वदपट आहे! उलट कवच असलेल्या पृथ्वीच्या ध्रुवप्रदेशांतूनहि प्राणवायूचे कण निसटतच असतात. मंगळ लहान, त्याचें गुरुत्वाकर्षण दुबळें. हेंहि त्याच्या हानीचें एक मोठें कारण आहे. तेव्हां चुंबकीय क्षेत्र हें वाऱ्यास वळण लावतें हें खरें. पण ग्रहाची हवा टिकते कीं जाते, हें क्षेत्र, गुरुत्वाकर्षण व हवेची घडण ह्या सर्वांवर मिळून ठरतें. सोपा दृष्टांत समजण्यास मदत करतो. तोच सत्य मानला तर तो वाट अडवितो.

उपसंहार

चुंबकीय वादळांचा उपद्रव आज पूर्वींपेक्षां अधिक जाणवतो. १३ मार्च १८५९ नव्हे, तर तारायंत्रांच्या युगानंतर पुष्कळ वर्षांनीं, १३ मार्च १९८९ रोजीं, कॅनडांतील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा अशाच एका वादळानें नऊ तास बंद पाडला आणि साठ लाख लोक अंधारांत राहिले. मे १९२४ मध्यें नव्हे, तर अगदीं अलीकडे, मे २०२४ मध्यें, लडाखांतील हानले येथून आकाशांत तांबडा ध्रुवप्रकाश टिपला गेला. अशा वादळांची आगाऊ सूचना मिळावी हा ‘आदित्य-एल१’ ह्या आपल्या यानाच्या अनेक हेतूंपैकीं एक आहे. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरांवर, सूर्याच्या बाजूस राहून तें सौरवारा मोजतें. साधारण वेगाचा वारा तेथून आपल्यापर्यंत यावयास एक तासाहून थोडा अधिक वेळ घेतो. तें यान सुटलें तो दिवस होता २ सप्टेंबर २०२३. कुलाब्याच्या त्या नोंदीस त्या दिवशीं बरोबर १६४ वर्षें झालीं होतीं.

त्या नोंदीचें पुढें काय झालें तें सांगून हा लेख पुरा करूं. २००३ सालीं भारतीय व अमेरिकन संशोधकांनीं १८५९ च्या वादळाचा जोर ठरविण्याचें मनावर घेतलें, तेव्हां त्यांना कुलाब्याचे ते जुने आंकडे उपयोगी पडले. अनेक देशांत वादळाच्या जोरानें नोंदी मोजपट्टीच्या बाहेर गेल्या होत्या. कुलाब्याची नोंद मात्र टिकली होती. ज्यांनीं त्या दिवशीं सुईपाशीं बसून तो आंकडा उतरविला त्यांना सौरवारा हा शब्दहि ठाऊक नव्हता. आपण काय लिहीत आहों ह्याचा अर्थ कळावयास दीडशें वर्षें जावीं लागतील, हें त्यांच्या स्वप्नींहि नसेल. दिसलें तें खरें लिहावें, वेळेवर लिहावें आणि स्वतःच्या समजुतीखातर त्यांत फेरफार करूं नये, एवढाच त्यांचा नेम होता.

थोडक्या गोष्टींत जो विश्वासू राहतो त्याच्या हातून मोठ्या गोष्टी होतात, ही शिकवण आमच्या शाळेंत आपण सर्वांनीं वारंवार ऐकली आहे. प्रयोगशाळेच्या वहींत आंकडा उतरवितांना, पावसाचें माप लिहितांना, किंवा घरच्या अंगणांत होकायंत्राची सुई पाहतांना तिची आठवण ठेवावी, इतकीच आमची विद्यार्थिमित्रांस विनंति आहे.